इंटरफेसला दोनच इनपुट, मंडळ सात जणांचं

पेटीमास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून धागा काढतोय.

आमचं तळेगावात छोटं भजनी मंडळ आहे, सात जणांचं. दर गुरुवारी रात्री माझ्या घरी वरच्या खोलीत बसतो. खोली बारा बाय चौदा. मी पेटी वाजवतो, आणि रेकॉर्डिंगचा नाद मलाच असल्यामुळे तेही माझ्याच गळ्यात. माझ्याकडे फोकसराइट स्कारलेट २आय२ आहे (माइक कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस, दोन इनपुटांचा), विंडोजचा लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. गेल्या आषाढीच्या आधी दोन माइक मध्ये ठेवून तीन अभंग घेतले. ऐकले तर टाळच टाळ. बुवा टाळांच्या मागे, आणि पेटी शेजारच्यांच्या घरात वाजत असावी अशी. सगळं एकात एक मिसळलेलं, त्यामुळे नंतर काही करताही येईना.

आता प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक हवाय. बुवा १, पेटी १, पखवाजाला २ (शाईची पुडी आणि कणकेची पुडी), टाळ १, मागे धरणारे २. झाले सात. इनपुट दोन.

बुधवार पेठेत विचारलं तर एका दुकानात वाय-केबल पुढे केली, दुसऱ्यात आठ चॅनेलचा मिक्सर दाखवला. भाचा म्हणतो अजून तीन २आय२ घे मामा, चार दुणे आठ. बजेट तीस हजारांच्या आत. कुणी हे केलंय का?

नुसता_वाचक

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हीच रड आहे, फक्त मंडळ गणपतीचं आणि टाळांच्या जागी ढोल.

केबलवाला

मास्तर, आधी काय करू नका ते सांगतो.

वाय-केबलने दोन माइक एका भोकात घुसवले की दोघांचा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, एकच होतो, दोन्ही माइक एकमेकांवर ओझं टाकतात, आणि ट्रॅक शेवटी एकच. ती केबल कानातल्या हेडफोनला ठीक आहे, माइकला नाही.

मिक्सरचं दुखणं वेगळं. आठ माइक आत जातात हे खरं, पण तुमच्या २आय२ मध्ये त्यातून दोनच वायरी येणार, लेफ्ट आणि राइट. मिक्सरवर जे मिसळलं ते मिसळलं, दुधातली साखर परत काढता येत नाही. म्हणजे आजच्यासारखंच, फक्त थोडं बरं मिसळलेलं. आणि "यूएसबीवाला मिक्सर आहे" असं दुकानदार म्हणाला तरी भुलू नका. स्वस्तातल्या बऱ्याच यूएसबी मिक्सरमधून कॉम्प्युटरला फक्त स्टीरिओ जोडी जाते. एकच प्रश्न विचारायचा: "कॉम्प्युटरवर प्रत्येक चॅनेल वेगळा येतो का?" उत्तर द्यायला दुकानदाराने खोका उलटा करून वाचायला सुरुवात केली की आपण चहा प्यायला निघायचं.

प्रत्येक चॅनेल वेगळा देणारे मिक्सर असतात. बेहरिंगरचा एक्सआर१८ घ्या, १६ माइक प्रीअँप (माइकचा बारीक आवाज मोठा करणारे) आणि यूएसबीवरून १८ च्या १८ चॅनेल वेगळे. मी कार्यक्रमाला तोच नेतो. पण तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही.

षड्ज_पंचम

भाच्याच्या चार दुणे आठवर लिहितो, कारण हा मोह सगळ्यांनाच होतो. मलाही झाला होता.

पहिली अडचण विंडोजची. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साधारणपणे एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि सॉफ्टवेअरमधला दुभाषा) उघडतं. दोन वेगळे बॉक्स म्हणजे दोन इंटरफेस, आणि रीपर विचारणार की यातला कोणता. एएसआयओ४ऑल नावाचं फुकट सॉफ्टवेअर दोघांना एका छत्रीखाली आणतं, पण छत्री गळते. मॅकवर हे जरा सोपं आहे. ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस बनवायचं आणि दुसऱ्या बॉक्ससमोर ड्रिफ्ट करेक्शनची खूण करायची.

ती खूण का करावी लागते, ही दुसरी आणि खरी अडचण. प्रत्येक बॉक्सच्या आत एक क्रिस्टल असतो, तोच बॉक्सचं घड्याळ. दोघांवरही ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सँपल), लिहिलेलं असतं, पण कोणतेही दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. समजा दोघांत दर दहा लाखांत २० चा फरक आहे. म्हणजे सेकंदाला जवळपास एक सँपल. मिनिटाला १.२ मिलिसेकंद, त्यामुळे एका अभंगात कानाला कळणार नाही. अर्ध्या तासाला मात्र ३६ मिलिसेकंद. तेव्हा टाळ आणि पखवाज वेगवेगळ्या गावचे वाटायला लागतात.

इथे डब्लिनला आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मी हा उद्योग करून बसलो होतो. दोन बॉक्स, दोन लॅपटॉप, सुरुवातीला एक टाळी वाजवून घेतली की नंतर जुळवता येईल. सुरुवात जुळली. शेवट जुळेना. मग दर दोन मिनिटांनी कापून सरकवत बसलो, आणि नाताळ येऊन गेला.

पेटीमास्तर

@केबलवाला, @षड्ज_पंचम, दोघांचे आभार. भाच्याला वाचून दाखवलं, तो गप्प आहे.

एक नवी माहिती. डोंबिवलीला मेहुण्याकडे त्याच्या ऑर्केस्ट्राच्या काळातला आठ चॅनेलचा माइक प्रीअँप धूळ खात पडलाय. रॅकमध्ये बसणारा, पुढे आठ माइकची भोकं. म्हणतो घेऊन जा. त्याच्या मागे यूएसबीच नाहीये! दोन चौकोनी काळी भोकं आहेत, झाकण लावलेली. हा कॉम्प्युटरला लावायचा कसा?

केबलवाला

मास्तर, लॉटरी लागली की तुम्हाला. ती चौकोनी भोकं म्हणजे एडॅट.

थोडं जुनं सांगतो, कारण नावाचा उलगडा त्यातच आहे. १९९१ साली अलेसिस कंपनीने एडॅट नावाचं टेपमशीन दाखवलं. एस-व्हीएचएस कॅसेटवर, म्हणजे व्हिडिओच्याच जातीच्या कॅसेटवर, आठ डिजिटल ट्रॅक. जास्त हवे असतील तर दुसरं मशीन शेजारी जोडा. एकमेकांना आठ ट्रॅक द्यायला त्यांनी एक प्रकाशाची तार ठेवली होती. मशीन गेली, कॅसेट गेल्या, ती तार राहिली. आजही "इंटरफेसचे इनपुट वाढवायचेत" याचं सरळ उत्तर बहुतेक वेळा तीच आहे.

तार नवी नाही. टीव्हीपासून साउंडबारला जाते ना, ती लाल उजेडाची टॉसलिंक, तीच. तोशिबाने १९८३ मध्ये काढली. टीव्हीवाले तिच्यातून स्टीरिओ किंवा डॉल्बी पाठवतात, एडॅटवाले त्याच तारेतून आठ चॅनेल, २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला. ९६ ला गेलात तर आठाचे चारच उरतात. भजनाला ४८ भरपूर आहे, ९६ च्या नादाला लागू नका.

आता वाईट बातमी. तुमच्या २आय२ ला ते भोक नाही. त्यामुळे पायाचा बॉक्स बदलावा लागणार. शोधताना "किती इनपुट" बघू नका, "ऑप्टिकल इन आहे का" ते बघा. ऑडियंटचा आयडी१४ छोटा आहे, माइक दोनच, पण ऑप्टिकल इन आहे, म्हणजे दोन अधिक आठ. स्कारलेट १८आय८ मध्ये माइकचे चार, मागे लाइनचे चार, एस/पीडिफचे (डिजिटल स्टीरिओ जोडीचे) दोन आणि ऑप्टिकलचे आठ, असे मिळून ते अठरा होतात. खोक्यावर १८ वाचून अठरा माइक लागतील असं समजणारे मी दुकानात पाहिलेत.

मेहुण्याचा प्रीअँप नसता तर मी हे काही सांगितलंच नसतं. सरळ आठ माइकचा एक इंटरफेस घ्या म्हटलं असतं, बेहरिंगर यूएमसी१८२० सारखा. एक बॉक्स, एक वायर, डोक्याला ताप नाही. पण फुकट आठ प्रीअँप सोडायला मीही नाशिकचा असलो तरी कोकणस्थ आहे.

नुसता_वाचक

शेवटच्या वाक्याला +१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

स्वरसई

मी जरा उलटं बोलते, राग मानू नका.

ठाण्यात घरी बसून गेली काही वर्षं आवाजाची कामं करते, अधूनमधून गाण्यांची. मास्तर, तुमचा त्रास इनपुट कमी असण्याचा आहे असं मला वाटत नाही. बारा बाय चौदाच्या खोलीत सात माइक लावलेत तर टाळ सातही माइकांत येणार. ट्रॅक सात दिसतील, पण सातांतही टाळच. शिवाय प्रत्येक माइकपर्यंत तो वेगवेगळ्या वेळेला पोचणार. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. ते सगळे टाळ एकत्र केले की पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखे होतात.

आधी दोनच माइक घेऊन माणसं हलवून बघा. बुवा जवळ, टाळकरी भिंतीपाशी लांब, खाली सतरंजी, मागे गादी उभी केलेली. पैसे लागत नाहीत. नाहीतर टाळ शेवटी वेगळे वाजवून घ्या, हेडफोन लावून.

पेटीमास्तर

ताई, राग कसला. माणसं हलवून बघितली, थोडा फरक पडला. पण बुवा आणि पेटी एका माइकात, बाकी सगळे दुसऱ्यात, हे कायमच राहतं.

टाळ मागून लावायचं म्हणालात, तेही केलं. आमचे टाळकरी पासष्टीचे आहेत. हेडफोन लावून एकटे बसवले तर दोन ओळींनंतर म्हणाले, "मास्तर, समोर कुणी नाही तर मी कुणाला बघून वाजवू?"

केबलवाला

स्वरसईताईंचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं महत्त्वाचं आहे. पण भजनात टाळ मागून लावायचा नसतो. सिनेमाच्या गाण्यात चालेल. भजनात लय टाळावर चढते, बुवा टाळाकडे बघून पुढे जातात, गजर आला की सगळं टाळ ठरवतो. टाळ काढून घेतला तर बाकीचं भजन बसल्या जागी मरगळतं.

त्यापेक्षा माइकची पाठ वापरा. साधा गाण्याचा माइक कार्डिऑइड असतो, त्याला बरोब्बर मागून सगळ्यात कमी ऐकू येतं. म्हणजे बुवांच्या माइकची शेपटी टाळकऱ्याकडे. बुवा आणि टाळकरी समोरासमोर बसले की हे आपोआप होतं, शिवाय दोघांना एकमेकांचे डोळे दिसतात. पखवाजाचे माइक पुडीपासून चार-सहा बोटांवर. आणि टाळाला खरं तर स्वतंत्र माइक लावूच नका, तो सगळीकडून येतोच आहे. वाचलेला माइक मागे धरणाऱ्यांना द्या.

एक ठोकताळा: माइक आपल्या वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट लांब शेजारचा माइक. बारा बाय चौदात तंतोतंत जमणार नाही, पण त्या दिशेने जा.

गोंयचो_घुमट

फोंड्याहून. आमच्याकडे गणपतीत घुमट (मातीच्या घड्याचं चर्मवाद्य) आरतीचं रेकॉर्डिंग केलं होतं, सहा घुमट, एक शामेळ, कासाळी आणि वीसेक गळे. सगळं चार माइकांत. ताईंसारखंच माझंही मत, वीस गळ्यांना वीस माइक नसतात.

पण घुमटाचा धडा सांगतो, पखवाजवाल्यांना उपयोगी पडेल. घुमटाला दोन तोंडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं, आणि डाव्या हाताने ते झाकत-उघडत घुमकी काढायची. आम्ही हुशारी करून माइक त्या उघड्या तोंडासमोर धरला. प्रत्येक घुमकीला वाऱ्याचा भपकारा, मीटर लाल. शेवटी तोंडाच्या बाजूला, जरा तिरपा ठेवला तेव्हा नीट आलं.

अवांतर: पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं, आता बंदी असल्यामुळे बकरीचं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. जुने लोक नाद बदलला म्हणतात. नवीन पिढी म्हणते घोरपड वाचली. दोघंही बरोबर.

नुसता_वाचक

घोरपड आली. आता धाग्याचं काश्मीर, म्हणजे भांडणाचं मैदान, व्हायला वेळ लागणार नाही.

पेटीमास्तर

तीन आठवड्यांनी परत आलो.

वापरलेला १८आय८ मिळाला, २आय२ विकून वर थोडे घातले, बजेटच्या आत. मेहुण्याचा प्रीअँप डोंबिवलीहून शेअर ऑटो, लोकल, एक्स्प्रेस आणि परत लोकल असा मांडीवर घेऊन आलो. ऑप्टिकल केबल दोन मीटर.

पहिल्या संध्याकाळी काहीच चालेना. भोकात तार बसेना, बसली तर उजेड दिसेना. तासभर वायर उलटीसुलटी केली. मग मुलगी म्हणाली, बाबा, टोकाला प्लास्टिकची टोपी आहे. दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या होत्या. पुढचं लिहायला आता लाज वाटत नाही.

टोप्या काढल्या, तरी रीपरमध्ये आवाज येईना. १८आय८ चे आठ संपले म्हणून नववा इनपुट निवडला, शांतता. दहावा, शांतता.

षड्ज_पंचम

नऊ आणि दहा एस/पीडिफचे. एडॅट अकरापासून अठरापर्यंत. आणि रीपरच्या ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर इनपुटची पहिला-शेवटचा अशी मर्यादा असते, तिथे शेवटचा १८ करून ठेवा. नाहीतर यादीत अकरा दिसणारच नाही.

पेटीमास्तर

दिसले! अकरावर पखवाज आला. उठून नाचलो.

पण सोबत एक पाहुणा आलाय. टिक... टिक... टिक. बारीक आवाज, दर सेकंद-दीड सेकंदाने. कुणी वाजवत नसतानाही. आमचा पखवाजवाला म्हणाला, "हा आठवा टाळकरी कुठला?" घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला चाळीसच्या आसपास. केबल बदलली, यूएसबीचं भोक बदललं, वायफाय बंद केलं. ढिम्म.

षड्ज_पंचम

मास्तर, तुम्ही टिकटिक मोजलीत यासाठी तुम्हाला मुजरा. मिनिटात ४८ किलोहर्ट्झचे २८ लाख ८० हजार सँपल होतात. त्यात चाळीस घसरतायत, म्हणजे दर दहा लाखांत चौदा. हा बहुधा तुमच्या दोन क्रिस्टलमधला फरक आहे! मागे ज्या घड्याळाबद्दल लिहिलं होतं तेच भूत.

दोन्ही यंत्रं आपापल्या घड्याळाने चाललीयत. एक सँपल जास्त झाला की टिक. प्रीअँपच्या मागे क्लॉकचा खटका आहे का, आणि तो कुठे आहे?

पेटीमास्तर

आहे. ४४.१, ४८, वर्ड क्लॉक (वेगळ्या तारेने येणारं घड्याळ) आणि एडॅट इन अशा चार जागा. "एडॅट इन" वर ठेवलाय. एडॅटच वापरतोय ना, म्हणून.

केबलवाला

हाच तो. नाव फसवं आहे, शंभरातले नव्वद इथेच पडतात.

लय एकानेच धरायची असते, मास्तर, तुम्हाला हे मी सांगायला नको. "एडॅट इन" चा अर्थ: मी लय धरणार नाही, माझ्या ऑप्टिकल इनमध्ये जो येईल त्याची लय धरीन. पण त्याच्या ऑप्टिकल इनमध्ये येतंय कोण? तुमच्या १८आय८ ला ऑप्टिकल आऊट नाहीच. नावातच लिहिलंय, आत १८, बाहेर ८. त्या आठांत स्पीकर, हेडफोन आणि एस/पीडिफ धरले की ऑप्टिकलच्या आठांना जागा कुठे? प्रीअँप रिकाम्या भोकाकडे बघत बसलाय, आणि कुणी येत नाही म्हणून आपल्या मनानेच चाललाय.

म्हणून उलटं करा. प्रीअँपचा खटका ४८ वर. आता लय त्याची. मग फोकसराइटच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स "इंटर्नल" चा "एडॅट" करा. खाली "लॉक्ड" दिसलं पाहिजे. रीपरचा प्रोजेक्टही ४८ वर. तिन्ही ठिकाणी एकच आकडा.

दोन्हीकडे ऑप्टिकल आऊट असतं, किंवा १८आय२० सारखा वर्ड क्लॉक आऊट असता, तर इंटरफेसला पुढारी केलं असतं. तुमच्याकडे प्रीअँप पुढारी. आणखी एक लक्षात ठेवा, आता प्रीअँप बंद असताना इंटरफेसही गडबडणार, कारण त्याची लय धरणाराच झोपलेला. एकट्याने पेटीचं काही घ्यायचं असेल तेव्हा क्लॉक परत इंटर्नलवर आणायचा.

पेटीमास्तर

गेला! टिकटिक गेली. पंधरा मिनिटं नुसतीच शांतता रेकॉर्ड केली आणि बायकोला ऐकवली. ती म्हणाली पंखा ऐकू येतोय.

इलेक्ट्रिकमामा

पंखा बंद करा, पण त्याखाली बारीक गुणगुण असेल तर ती पंख्याची नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका. गेली तर अर्थिंगचा घोळ.

आता तुमच्याकडे दोन वस्तू मेनवर चालतायत, शिवाय लॅपटॉप. ऑप्टिकल तारेतून वीज जात नाही, म्हणून प्रीअँप आणि इंटरफेसमध्ये त्या वाटेने हम येणार नाही, हा तिचा मोठाच फायदा. पण बाकीच्यांची अर्थिंग एक पाहिजे. सगळं एकाच तीन पिनांच्या बोर्डवर लावा, वेगवेगळ्या भिंतींवर नको. जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. आकडा भरकटत असेल तर आधी वायरमनला बोलवा, अभंग नंतर. आणि हम घालवायला कुणी अर्थची पिन कापायला सांगितली तर त्याचं ऐकू नका. हातात लोखंडी माइक धरून बसणार आहात.

स्वरसई

@पेटीमास्तर, अजून एक. आठ चॅनेलच्या बऱ्याच प्रीअँपवर फँटमचा (केबलमधून माइकला वीज देण्याचा) खटका आठांना मिळून एकच असतो. तुमच्याकडे एखादा कंडेन्सर (ही वीज लागणारा माइक) असेल तर त्याच्यासाठी ४८ व्होल्ट सगळ्यांनाच जाणार. साध्या डायनॅमिक माइकला नीट बॅलन्स्ड केबल असेल तर काही होत नाही, पण जुना रिबन माइक कुणी हौसेने आणला तर तो त्यात लावू नका. त्यापेक्षा कंडेन्सर १८आय८ च्या स्वतःच्या चारांपैकी एकात लावा आणि प्रीअँपचा फँटम बंदच ठेवा. फँटम चालू-बंद करताना स्पीकर खाली.

षड्ज_पंचम

लॅपटॉपची काळजी करू नका, कुणी विचारायच्या आत लिहितो. अठराच्या अठरा चॅनेल घेतले तरी सेकंदाला २१ मेगाबिटच्या आत, आणि यूएसबी २ ची कागदावरची क्षमता ४८०. तुमचे सात ट्रॅक तासाला साडेतीन जीबीच्या थोडे वर जातील. रेकॉर्डिंगच्या वेळी बफर (कॉम्प्युटर एका दमात घेतो तेवढे सँपल) ५१२ ठेवा, कुणाला हेडफोनमधून रीपरचा आवाज ऐकवायचा नसेल तर उशिराने काही बिघडत नाही. फक्त हबमधून लावू नका, सरळ लॅपटॉपच्या भोकात.

पेटीमास्तर

काल गुरुवारी पहिलं पूर्ण रेकॉर्डिंग झालं. पंखा बंद, सगळे घामाघूम.

केबलवाल्यांच्या सांगण्यावरून बुवा आणि टाळकरी समोरासमोर, बुवांच्या माइकची पाठ टाळाकडे. टाळाला माइक दिला नाही, हे त्यांना सांगितलं नाही. समोर एक रिकामा स्टँड ठेवला, खूश होते. सहा ट्रॅकच वापरले: बुवा, पेटी, पखवाज दोन, मागचे दोन. बुवा पहिल्यांदा पुढे आले. टाळ अजूनही सगळीकडे आहे, ताईंचं खरं होतं, पण आता तो खोलीत वाजल्यासारखा वाटतो, डोक्यात नाही. बुवांना थोडं वर केलं की टाळही थोडा वर येतो, तेवढं सोसतो.

एक कोडं मात्र सुटत नाही. पखवाजाचे दोन ट्रॅक. शाईची पुडी एकटी ऐकली तर छान, कणकेची पुडी एकटी ऐकली तर काय घुमारा! दोन्ही एकत्र लावले की घुमारा गायब. धूम पोकळ होतो. पखवाजवाला म्हणतो कणीक कमी झाली असेल. मी म्हणतो एकटी ऐकताना आहे की.

गोंयचो_घुमट

कणकेला दोष देऊ नका. दोन घुमटं समोरासमोर धरून आमचंही असंच झालं होतं.

केबलवाला

कणीक बरोबर आहे. दोन माइक एकाच खोडाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे तोंड करून. डाव्या पुडीवर थाप पडली की ती पुडी आत जाते, डाव्या माइकपासून लांब. आतली हवा उजव्या पुडीला बाहेर ढकलते, उजव्या माइकच्या जवळ. एक माइक म्हणतो खाली, दुसरा म्हणतो वर. बेरीज केली की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

रीपरमध्ये ट्रॅकवर शून्यातून तिरपी रेघ गेलेलं एक छोटं बटण असतं, ते खालचं वर आणि वरचं खाली करतं. कणकेच्या पुडीच्या ट्रॅकवर ते दाबा, दोन्ही ट्रॅक मधोमध आणा आणि ऐका. घुमारा परत आला तर ठेवा. नाही आला तर एक माइक दोन बोटं पुढे-मागे करून पुढच्या गुरुवारी पुन्हा घ्या. आकडेमोड करू नका, डोळे मिटून धूम ऐका.

पेटीमास्तर

बटण सापडलं. घरात सगळे झोपलेत, हेडफोन शोधतोय.